आईचे गुण कमी, पण कुणाच्या तुलनेत? स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि वय-शिक्षणाची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मरणशक्ती आणि विचारक्षमतेच्या चाचणीचा अहवाल हातात पडला की नातेवाइकांची नजर आधी आकड्यावर जाते, मग चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं. त्या आकड्यामागे एक तुलना दडलेली असते आणि ती बहुतेक वेळा कुणी समजावून सांगत नाही. दवाखान्यात आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे वाचून घरी निदान करायला बसू नका. अहवाल घेऊन पुढच्या वेळी याल तेव्हा नेमकं काय विचारायचं, ते मात्र यातून कळेल.

अहवालात ‘मूळ गुण’ आणि ‘वय-शिक्षणानुसार गुण’ असे दोन आकडे आहेत. खरा कोणता?

दोन्ही खरे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. मूळ गुण म्हणजे प्रत्यक्षात किती शब्द आठवले, किती सेकंदात ठिपके जोडले. दुरुस्त गुण सांगतात की याच वयाच्या, साधारण एवढंच शिकलेल्या निरोगी माणसांमध्ये ही व्यक्ती कुठे बसते. अंगणवाडीत बाळाचं वजन करतात तेव्हा ‘नऊ किलो’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही; वय कळल्यावर तो आकडा बोलायला लागतो. इथेही तसंच.

फक्त वजनाच्या बाबतीत वय आणि मुलगा की मुलगी एवढं पुरतं. स्मरणशक्तीच्या बाबतीत शाळा मध्ये येते, आणि गुंता तिथून सुरू होतो.

ही दुरुस्ती होते तरी कशी?

समजा, पंधरा शब्दांची यादी ऐकवली आणि अर्ध्या तासानं तुमच्या आईंना त्यातले पाच शब्द आठवले. (पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) पदवीपर्यंत शिकलेल्या सत्तरीच्या निरोगी स्त्रियांची सरासरी आठ आहे, आणि गट सरासरीच्या अवतीभवती साधारण दोन शब्दांनी पसरलेला आहे. या पसरण्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. आई सरासरीच्या तीन शब्द खाली, म्हणजे दीड प्रमाण विचलन खाली आहेत. शंभर निरोगी स्त्रियांपैकी जेमतेम सात जणी एवढ्या खाली असतात. इथे डॉक्टरांच्या भुवया उंचावतील.

आता तेच पाच शब्द चौथीत शाळा सुटलेल्या स्त्रियांच्या गटाशी ताडून पाहू. तिथली सरासरी सहा, पसारा दोनच. आई अर्धंच विचलन खाली. शंभरात तीस-एक जणी त्यांच्याही खाली. काळजीचं कारण नाही.

माणूस तोच, शब्दही तेवढेच. निष्कर्ष मात्र वेगळा. म्हणून अहवालावर नुसतं ‘सौम्य घट’ लिहिलेलं असेल तर ‘कोणत्या गटाच्या तुलनेत?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अहवालात हे गुण निरनिराळ्या मापांत छापतात. ‘टी’ गुणांची सरासरी ५० असते आणि दर १० गुणांना एक विचलन. बुद्ध्यंकासारख्या निर्देशांकात सरासरी १०० आणि पायरी १५ ची. पर्सेंटाइल म्हणजे शंभरात किती जण तुमच्या खाली. पर्सेंटाइलला टक्केवारी समजू नका. ‘३५ पर्सेंटाइल’ म्हणजे काठावर पास नव्हे. ते अगदी सर्वसाधारण आहे.

शिक्षणानं एवढा काय फरक पडतो? स्मरणशक्ती शाळेत थोडीच मिळते?

स्मरणशक्ती नाही मिळत, पण चाचणी देण्याची सवय शाळेतच लागते. कुणीतरी समोर बसून, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला माहीत आहे असा प्रश्न विचारतो, आणि आपण त्याला गंभीरपणे उत्तर द्यायचं, हा प्रकार शाळेबाहेर फारसा कुठे घडत नाही. एक आजी मला म्हणाल्या होत्या, “तुला ठाऊक आहे ना, मग मला कशाला विचारतोस?” प्रश्न अगदी बिनतोड होता.

जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली छोटी चाचणी म्हणजे ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’, १९७५ साली अमेरिकेत आलेली, ३० गुणांची. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पाच ठिकाणच्या १८,०५६ प्रौढांचे तिच्यातले गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचे मध्यक गुण (म्हणजे सगळ्यांना गुणांनुसार रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचे) २९, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचे २६, आणि शून्य ते चार वर्षं शिकलेल्यांचे २२ होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘२४ च्या खाली म्हणजे गडबड’ हा ठोकताळा सर्रास लावतात. तो लावला तर या शेवटच्या गटातले निम्म्याहून जास्त लोक धडधाकट असूनही संशयित ठरतात.

हा फरक येतो कुठून, ते चाचणी जवळून पाहिली की कळतं. त्यात शंभरातून सात-सात वजा करायचे असतात. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे असतात. मनानं एक वाक्य लिहायचं असतं. ज्या हातानं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्याला पंचकोन काढायला सांगणं ही मेंदूची परीक्षा कमी आणि पेन्सिलीची जास्त. चित्रं ओळखण्याचंही तेच. पोर्तुगालमध्ये निरक्षर प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की रेषांनी काढलेलं चित्र ओळखताना ते अडखळतात, पण तीच वस्तू समोर ठेवली तर नाव पटकन सांगतात. त्याच संशोधकांनी आणखी एक पाहिलं. ‘एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगा’ यात शिकलेले पुढे होते, पण ‘बाजारात मिळणाऱ्या वस्तू सांगा’ म्हटल्यावर दोन्ही गट बरोबरीत आले. प्राण्यांची यादी पाठ्यपुस्तकातून येते, भाजीबाजार रोजचा असतो.

म्हणजे कमी शिकलेल्यांचा मेंदू कमी चालतो म्हणून दुरुस्ती करावी लागते, असं नाही. चाचणीच शाळेकडे झुकलेली आहे म्हणून ती करावी लागते.

आई शाळेची पायरी चढलेली नाही. तिची चाचणी होऊ शकते का?

होऊ शकते, फक्त चाचणी तिच्यासाठी बनवलेली हवी. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांत, जिथे बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते, तिथे भारत-अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासात मूळ चाचणी मोडून नव्यानं बांधली गेली. १९९५ मध्ये ती ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ म्हणून प्रसिद्ध झाली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. ‘डोळे मिटा’ ही पाटी वाचण्याऐवजी समोरचा करतो तसं करायचं. पंचकोनाऐवजी सोपी आकृती. गुण ३०च, पण वाट वेगळी.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट हटकून घडते. “आज तारीख काय?” विचारलं की आजी गप्प. पण “श्रावणातली एकादशी, उद्या बारस” हे त्या न विचारता सांगतात. त्यांचं काळाचं भान शाबूत आहे. परीक्षक अनुभवी असेल तर याची नोंद करतो. नवखा असेल तर शून्य देऊन पुढे जातो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांनी वस्तूचं घरातलं नाव सांगितलं तर तेही बरोबरच धरायला हवं. तुम्हाला ते नाव माहीत असेल आणि परीक्षकाला नसेल, तर चाचणी संपल्यावर जरूर सांगा. मध्येच बोलून उत्तर मात्र पुरवू नका.

आणि निरक्षर असणं ही आईच्या पिढीत अपवादाची गोष्ट नव्हती. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता जेमतेम १५ टक्के होती. आज पंचाहत्तरीत असलेल्या बायकांचं शाळेचं वय नेमकं तेव्हाचं.

बाबा जुने मॅट्रिक आहेत. शिक्षणाची वर्षं किती धरायची?

अकरा. महाराष्ट्रात दहावी-बारावीचा आकृतिबंध १९७० च्या दशकात आला. त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’ म्हणजे ‘मोका’ या २००५ मध्ये आलेल्या चाचणीत शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, आणि २६ ला रेषा आखलेली आहे, त्याखाली गुण आले की संशय. म्हणून जुन्या मॅट्रिकवाल्याला तो गुण मिळाला पाहिजे. जुन्या पद्धतीचे बी.ए. मात्र अकरा अधिक चार, म्हणजे पंधरा वर्षं, आताच्या बी.ए. इतकीच.

नापास होऊन त्याच वर्गात काढलेली वर्षं मोजत नाहीत. रात्रशाळा मोजायची. ‘शाळेत नाव होतं पण गुरं राखायला जायचो’ असेल तर तसंच सांगा. दाखल्यापेक्षा ही माहिती जास्त कामाची.

आणि एक गुण वाढवून चौथी शिकलेली बाई आणि बारावी शिकलेले गृहस्थ एका रांगेत येतात का? नाही येत. एका गुणाची ही दुरुस्ती फार ढोबळ आहे. अगदी कमी शिकलेल्यांसाठी मोकाच्या निर्मात्यांनी ‘मोका बेसिक’ ही वेगळी आवृत्ती काढली, ती यामुळेच.

आजोबांची जन्मतारीख १ जून लावलेली आहे. खरं वय कुणालाच माहीत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या कुणाला कळणार नाही! शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली आणि ती जन्मभर चिकटली, अशी माणसं गावोगाव आहेत. वर्ष-दोन वर्षांच्या फरकानं सहसा बिघडत नाही. पण मानकांचे, म्हणजे तुलनेसाठी निरोगी लोकांवरून काढलेल्या गुणांचे, तक्ते वयोगटांत असतात, उदाहरणार्थ ६५ ते ६९, मग ७० ते ७४. एकोणसत्तराव्या वर्षी ‘कमी’ ठरलेला आकडा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ‘ठीक’ होऊ शकतो. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तक्त्याऐवजी सूत्र वापरतात. त्यात वय, शिक्षण थेट आकड्यानं घालतात आणि ही उडी टळते. तुमच्याकडे अंदाज असेल (‘मोठा दुष्काळ पडला त्या साली’, ‘थोरल्या बहिणीच्या लग्नात चालता येत होतं’) तर तो सांगा.

बाबा प्राध्यापक होते. ३० पैकी २७ मिळाले, डॉक्टर म्हणाले नॉर्मल. पण आम्हाला फरक जाणवतोय.

तुमच्या जाणवण्याला वजन आहे. दुरुस्तीची ही दुसरी बाजू लोक विसरतात. जिला शिक्षण कमी तिला ती सांभाळून घेते, आणि ज्याला भरपूर त्याच्याकडून जास्त मागते. पन्नास वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला २७ गुण म्हणजे कदाचित खूप खाली आलेले असतील, पण छोटी चाचणी तिथवर मोजूच शकत नाही. तिचं छतच खाली आहे. शिवाय शिकलेल्या मेंदूकडे पर्यायी वाटा असतात. आजार आत बराच पुढे जाईपर्यंत माणूस बोलण्या-चालण्यात वेळ मारून नेतो, आणि मग उतरण एकदम तीव्र दिसते. अशा वेळी तीन-चार तासांची सविस्तर चाचणी मागा, आणि ती उच्चशिक्षितांच्या मानकांवर ताडली जाईल याची खात्री करून घ्या.

स्त्री-पुरुषांची मानकंही वेगळी असतात का?

काही चाचण्यांत असतात. ऐकलेली शब्दांची यादी लक्षात ठेवण्यात स्त्रिया सरासरीनं थोड्या सरस असतात. दोघांना एकच रेषा लावली तर सुरुवातीची घट स्त्रियांमध्ये उशिरा पकडली जाते आणि काही पुरुषांवर उगाच शिक्का बसतो.

दुरुस्तीमुळे आजार लपण्याचा धोका नाही का?

आहे, आणि या क्षेत्रातला खरा वाद तोच आहे.

वय हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा धोका. आपण वयानुसार दुरुस्ती करतो तेव्हा ‘ऐंशीच्या माणसाचं एवढं चालायचंच’ हे गणितात घालून टाकतो. १९९३ च्या त्याच अमेरिकी आकडेवारीत १८ ते २४ वयाचे मध्यक गुण २९ आणि ऐंशीच्या पुढे २५ होते. हे चार गुण नुसत्या म्हातारपणाचे, की त्या गटात निदान न झालेले आजारी मिसळले होते म्हणून? मानकं बनवायला घेतलेल्या ‘निरोगी’ वृद्धांत काहींचा आजार नुकता सुरू झालेला असतो. त्यांच्यामुळे सरासरी घसरते आणि रेषा सैल होते. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक त्यासाठी त्याच लोकांवर काही वर्षं नजर ठेवतात आणि पुढे ज्यांना स्मृतिभ्रंश झाला त्यांना मानकांतून वगळतात.

शिक्षणाचंही तसंच. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात लहानपणी कमी शिक्षण हे एक आहे. म्हणजे शाळा न मिळालेल्या बाईचे गुण दोन कारणांनी कमी येऊ शकतात: चाचणी तिला परकी आहे म्हणून, आणि तिला आजाराचा धोका खरोखरच जास्त आहे म्हणून. दुरुस्ती पहिलं कारण पुसायला जाते आणि दुसऱ्याचाही थोडा भाग पुसून टाकते. दुरुस्ती केली नाही तर उलट घडतं. निरोगी बाईवर शिक्का बसतो. यातून पूर्ण सुटका करणारं गणित नाही.

त्यामुळे चांगलं निदान चाचणीच्या आकड्यावर कधीच थांबत नाही. भारतात साठीच्या पुढच्या लोकांवर झालेल्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासात चाचण्यांबरोबर घरातल्या माणसाची मुलाखत घेतली गेली आणि डॉक्टरांनी दोन्ही पाहून मत दिलं. त्यावरून देशात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यांत जास्त. ‘पूर्वी त्या पुरणपोळ्या शंभर लाटायच्या, आता वेलची टाकली का तेच आठवत नाही’ हे सुनेचं वाक्य आमच्या लेखी कोणत्याही पर्सेंटाइलइतकंच मोलाचं असतं.

अमेरिकेत या दुरुस्तीवरून कोर्टकचेरी झाली म्हणतात. प्रकरण काय होतं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला वारंवार मार बसतो. निवृत्त खेळाडूंनी त्यांच्या व्यावसायिक लीगवर, म्हणजे एनएफएलवर दावा लावला आणि २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी भरपाईची तडजोड मंजूर केली. स्मृतिभ्रंशाची भरपाई हवी तर चाचण्यांत घट दिसली पाहिजे. गुण दुरुस्त करताना वय-शिक्षणासोबत खेळाडूचा वंशही धरला जात होता. कृष्णवर्णीयांसाठी बनवलेल्या मानकांची सरासरी खालची, त्यामुळे तेवढेच मूळ गुण असलेला गोरा खेळाडू ‘घट झालेला’ ठरायचा आणि काळा खेळाडू ‘त्याच्या गटाच्या मानानं ठीक’. पहिल्याला पैसे, दुसऱ्याला नकार. आणि निवृत्त खेळाडूंत कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते.

केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघांनी ऑगस्ट २०२० मध्ये याविरुद्ध दाद मागितली. जून २०२१ मध्ये लीगनं ही पद्धत सोडण्याचं कबूल केलं आणि मार्च २०२२ मध्ये वंश वगळलेलं नवं सूत्र न्यायालयानं मंजूर केलं. जुने नाकारलेले दावे नव्यानं तपासण्याची वाटही उघडली.

यातली विचित्र गोष्ट अशी की ती मानकं मुळात उलट हेतूनं बनली होती: निरोगी कृष्णवर्णीय माणसावर चुकून मेंदूविकाराचा शिक्का बसू नये म्हणून. दवाखान्यात सांभाळून घेणारी दुरुस्ती भरपाईच्या टेबलावर नडली.

आणि गुणांतला तो फरक वंशाचा नव्हताच. न्यूयॉर्कमधल्या संशोधक जेनिफर मॅन्ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की शाळेची वर्षं मोजण्याऐवजी माणसाची वाचनाची पातळी मोजून हिशोबात धरली, तर काळ्या आणि गोऱ्या वृद्धांच्या गुणांतला फरक बराच आटतो. काळ्या मुलांच्या वेगळ्या ठेवलेल्या शाळांमधलं एक वर्ष आणि गोऱ्यांच्या शाळेतलं एक वर्ष कागदावर सारखं, प्रत्यक्षात नाही.

मग आपल्याकडे जात धरतात का?

नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या मानकांत वय, लिंग आणि शिक्षण आहे; जात-धर्म नाही, आणि नसावा असंच माझं ठाम मत आहे. जातीनुसार मानकं केली तर पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवल्याचा परिणाम त्या समाजाची ‘नैसर्गिक सरासरी’ म्हणून छापला जाईल. जे मोजायचं ते सरळ मोजावं: शाळा कशी होती, वाचता किती येतं, लहानपणी खायला मिळत होतं का, काम काय केलं. एकशिक्षकी शाळेतली चौथी आणि पुण्यातल्या नावाजलेल्या शाळेतली चौथी एकच धरायची का, हा प्रश्न आपल्याकडे अजून फार कमी विचारला जातो.

मराठी माणसांसाठी वेगळी मानकं आहेत का?

चाचणी मराठीत भाषांतरित असणं आणि तिची मानकं मराठी लोकांवर काढलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सहज मिळते, दुसरीची वानवा आहे. निम्हान्सचा २००४ चा चाचणी-संच देशात बराच वापरला जातो. त्याची मानकं ६५ वर्षांपर्यंतची, म्हणून ज्येष्ठांसाठी तिथे पुढे वेगळा संच तयार झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संज्ञानात्मक चाचण्यांची पेटी सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार झाली. मराठी त्या पाचांत नव्हती. एवढ्या मोठ्या भाषेला हे शोभत नाही, पण आहे हे असं आहे. कानडी किंवा हिंदी भाषकांवरची मानकं मराठी माणसाला लावताना अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, इतकी अपेक्षा तुम्ही नक्की ठेवा.

सासूबाई हैदराबादच्या. घरी मराठी, बाहेर तेलुगू आणि दखनी. चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी?

ज्या भाषेत त्या हिशोब करतात आणि भांडतात, त्या भाषेत. दोन भाषांत उत्तरं दिली तरी चालतं का, हे आधी ठरवून घ्यावं. जाता जाता: हैदराबादलाच ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. मानकांच्या तक्त्यात मात्र ‘किती भाषा येतात’ हा रकाना क्वचितच सापडतो.

आई-बाबा न्यू जर्सीत आमच्याकडे असतात. तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत चाचणी घेतली.

इंग्रजी उत्तम येत असलं तरी शब्द आठवण्याच्या चाचण्यांत मातृभाषेला तोड नाही. दुभाषा मागण्याचा हक्क आहे, तो वापरा. पण नातवाला दुभाषा करू नका. नातू आजीला अडखळताना पाहू शकत नाही आणि नकळत खुणा करतो. अहवालात कोणत्या देशातली मानकं लावली, तेही पाहा. शक्य असेल तर भारतात आल्यावर एकदा मराठीत चाचणी करून तो अहवाल तिकडच्या डॉक्टरांना द्या.

दुरुस्त गुण ‘नॉर्मल’ आले. मग काकांना गाडी चालवू द्यायची?

या प्रश्नाला दुरुस्त गुण उत्तर देत नाहीत. समोरून येणारा ट्रक तुमचं वय आणि शिक्षण विचारत नाही. पंच्याऐंशीच्या माणसाची प्रतिक्रिया ‘पंच्याऐंशीच्या मानानं छान’ असेल, तरी सिग्नलला ब्रेक दाबायला ती पुरेशी आहे का हे वेगळं पाहावं लागतं. गाडी, बँकेचे व्यवहार, इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः घेणं, अशा ठिकाणी मूळ गुण आणि प्रत्यक्ष काम करून दाखवणं महत्त्वाचं. आजार आहे का हे ठरवताना दुरुस्त गुण. काम झेपेल का हे ठरवताना मूळ गुण. अहवाल वाचताना सर्वांत जास्त गफलत इथेच होते.

एका चाचणीत गुण फार खाली आणि बाकी सगळे ठीक. घाबरायचं का?

सहसा नाही. पंधरा-वीस उपचाचण्या घेतल्या तर निरोगी माणसाचाही एखाद-दुसरा गुण खाली येतोच. एकाच क्षमतेच्या दोन-तीन चाचण्यांत मिळून घट दिसली तर मात्र बोला.

पुन्हा चाचणी कधी करावी?

साधारण वर्षभरानं. स्वतःच्या जुन्या गुणांशी तुलना झाली की वय-शिक्षणाच्या बऱ्याच भानगडी आपोआप मिटतात, कारण शिक्षण तेच आणि शाळाही तीच. लवकर केली तर सरावानं गुण वाढतात. म्हणून पहिला अहवाल जपून ठेवा, आणि त्यात मूळ गुण छापलेले आहेत याची खात्री करा. नुसतं ‘मध्यम घट’ लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

मोबाइलवरच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या चालतील?

करमणूक म्हणून चालतील. तुमचं शिक्षण न विचारता निकाल देणाऱ्या चाचणीवर झोप उडवून घेऊ नका. खऱ्या चाचणीचे प्रश्न इंटरनेटवर शोधून आई-बाबांकडून घोकून घेणं तर सपशेल टाळा. त्यानं निदान लांबतं, आजार नाही.

चाचणीला येताना काय आणायचं?

चष्मा आणि कानाचं यंत्र, सेल तपासून. कमी ऐकू आल्यामुळे गेलेले गुण कोणतीही दुरुस्ती परत आणत नाही. चालू औषधांची यादी, जुने अहवाल. शिक्षण आणि कामाबद्दल अर्धं पान लिहून आणा: शाळा कोणत्या गावात, कितवीपर्यंत, कोणत्या माध्यमातून, पुढे काय काम केलं, आताही पेपर वाचतात का, हिशोब कोण ठेवतं. आणि जो रोज त्यांच्यासोबत राहतो त्यानं यावं. परदेशातून सुट्टीला आलेला मुलगा येतो आणि रोजची देखभाल करणारी सून घरी थांबते, असं फार वेळा होतं. शक्य असेल तर दोघंही या, पण एकालाच येता येणार असेल तर सुनेला पाठवा.